छायाचित्रावरचा हात

छायाचित्र हे प्रकाशाने स्वतःच काढलेले चित्र असून त्यात मनुष्याच्या हाताला काही काम उरत नाही, अशी समजूत या कलेच्या जन्मापासून लोकांत रूढ असली, तरी बंगळूर शहरात या कलेचे जे अगदी आरंभीचे मोठे काम झाले, तेच या समजुतीला उत्तर देणारे आहे. मद्रासच्या देशी पायदळातील लिनियस ट्राइप नावाचा अधिकारी विलायतेतील दीर्घ रजा संपवून १८५४ साली बंगळूरच्या छावणीत रुजू झाला, तो तिकडून छायाचित्रणाची विद्या शिकूनच आला होता. ज्या वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी आपली माणसे या नव्या विद्येकडे वळत होती, त्याच वर्षाच्या अखेरीस ट्राइप हळेबीड आणि बेलूर येथील देवालयांची छायाचित्रे घेत हिंडत होता. पुढच्या वर्षी लॉर्ड डलहौसीने ब्रह्मदेशाच्या राजाकडे आर्थर फेअर याच्या नेतृत्वाखाली जी वकिलात पाठवली, तिच्याबरोबर सरकारी छायाचित्रकार म्हणून ट्राइपची नेमणूक झाली. तिकडून परतल्यावर निवडक १२० चित्रांचे ५० संच, म्हणजे ६,००० छापील प्रती, तयार करून देण्याचे प्रचंड काम त्याने बंगळुरात बसून पुरे केले.

त्या काळची निगेटिव्ह काचेचीच असे असे नाही. ट्राइप कागदाची निगेटिव्ह वापरी. कागदात मेण मुरवून तो पारदर्शक करायचा, मग त्यावर रुप्याच्या क्षारांचा लेप चढवायचा, अशी ती रीत होती, आणि कागद आधी तयार करून ठेवता येत असल्यामुळे प्रवासात व उष्ण हवेत ती सोयीची पडे. परंतु तिच्यात एक अंगभूत वैगुण्य होते. रौप्य आयोडाइडला निळा प्रकाश तेवढा चटकन जाणवतो आणि हिरवा जवळजवळ जाणवतच नाही. त्यामुळे खालची वृक्षराजी नीट उमटेपर्यंत वरचे आकाश निगेटिव्हवर इतके दाट काळे होऊन जाई, की कागदावर उतरताना ते निर्जीव पांढरे दिसावे आणि झाडांची पाने मात्र काळ्या डागासारखी एकमेकांत मिसळून जावीत. यावर ट्राइपने जो उपाय योजला, तो चित्रकाराचा होता. निगेटिव्हवर हलक्या हाताने रंग लावून त्याने आकाशात ढग आणले, पानांच्या समूहाला उठाव दिला, आणि सूर्यप्रकाशात छापून निघालेल्या प्रत्येक प्रतीत ते ढग जसेच्या तसे उमटले. ज्या गोष्टीसाठी आज संगणकावर दोन बोटे हलवावी लागतात, ती गोष्ट बंगळूरच्या छावणीत १८५६ च्या सुमारास कुंचल्याने होत होती. छायाचित्राच्या संस्काराचा या शहरातील इतिहास लिहायचा तर त्याचे पहिले पान येथून मांडावे लागेल, असे मला वाटते.

याच ट्राइपने पुढे मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार या नात्याने १८५८ साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या विमानाभोवती कोरलेला शिलालेख २१ चित्रे एकमेकांस जोडून सुमारे १९ फूट लांबीच्या एकाच पट्टीवर आणला. मराठी वाचकाला येथे क्षणभर थांबावेसे वाटेल. ज्या बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे होती आणि जेथून निघून व्यंकोजीराजांनी तंजावरात आपली गादी स्थापिली, त्याच वाटेने दोन शतकांनंतर हा गोरा छायाचित्रकार गेला होता. तंजावरची गादी नुकतीच, १८५५ साली, वारसाअभावी खालसा झाली होती. त्या मोडत्या दरबाराच्या सावलीत उभे राहून त्याने अक्षर न् अक्षर उतरवून घेतले. जोडचित्राची ही कल्पना आज कोणताही मोबाइल फोन आपोआप अमलात आणतो. ट्राइपला मात्र प्रत्येक सांधा डोळ्यांनी जुळवावा लागला.

आणि मग ते सारे खाते बंद झाले. १८५९ साली मद्रासचा गव्हर्नर म्हणून आलेल्या सर चार्ल्स ट्रेव्हेलियनने सरकारी खर्चात काटकसर करण्याचे धोरण हाती घेतले आणि छायाचित्रणाचा हा कारखाना चैनीची बाब ठरवून बरखास्त केला. ट्राइपने पुन्हा त्या प्रमाणावर काम कधी केले नाही. १९०२ साली तो मायदेशी वारला. त्याची कागदी निगेटिव्हची पद्धतही त्याच सुमारास ओल्या कोलोडियनच्या काचेपुढे मागे पडत चालली होती. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे, आणि या लेखाचा सारा भर तिच्यावरच आहे. खाते गेले, पद्धत गेली, कारागीर गेला. मात्र त्याच्या हाताने केलेला संस्कार गेला नाही. त्याच्या निगेटिव्हांपैकी कित्येक आज विलायतेतील संग्रहालयांत आहेत, आणि त्या उजेडासमोर धरल्या म्हणजे कोणते ढग निसर्गाचे नसून ट्राइपचे आहेत हे कोणालाही सांगता येते. तो हात वस्तूवरच राहिला असल्यामुळे तो वाचण्यास दुसऱ्या कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

ओल्या काचेनंतर कोरडी काच आली, कोरड्या काचेमागून फिल्म आली, आणि छावणीतील साउथ परेड, म्हणजे आजचा महात्मा गांधी रस्ता, येथे छायाचित्रांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. १९१० पासून चालत आलेली जी. के. वेल ही पेढी त्यांतील सर्वांत परिचित. गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांची कुटुंबे, म्हैसूर दरबाराचे मानकरी आणि पेठेतील सधन व्यापारी अशा सगळ्यांच्या तसबिरी काढणाऱ्या स्टुडिओंच्या मागल्या खोलीत जो मनुष्य दिवसभर बसलेला असे, त्याचे नाव पाटीवर कधी आले नाही. तो टचिंगवाला. गिऱ्हाइकाशी त्याचा संबंध नसे, परंतु गिऱ्हाइकाच्या मुद्रेचा अखेरचा निकाल त्याच्याच हाती असे.

त्याच्या कामाचे वर्णन थोडे विस्ताराने केले पाहिजे, कारण ते जाणणारी पिढी आता मावळत आली आहे. त्याच्यासमोर उतरत्या फळीचे एक मेज असे; फळीच्या मधोमध घासलेली काच, तिच्याखाली तिरपा आरसा, आणि खिडकीतून येणारा उजेड आरशावरून परावर्तित होऊन निगेटिव्हमधून पार जाई. निगेटिव्हच्या पृष्ठभागावर शिसपेन्सिल धरत नाही म्हणून आधी राळ आणि टर्पेंटाइन यांचे पातळ वार्निश बोटाने चोळून पुसावे लागे. पेन्सिलीचे शिसे बोटभर उघडे करून वाळूच्या कागदावर सुईसारखे निमुळते केलेले असे. चेहऱ्यावरील सुरकुती किंवा व्रण निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तेवढ्याच जागी, तेवढ्याच दाटपणाचे बारीक स्वल्पविरामासारखे फटकारे भरले की छापात ती सुरकुती लोपते. उलट जेथे निगेटिव्ह फाजील दाट असेल, तेथे धारदार चाकूने लेप अगदी हलका खरवडायचा. पेन्सिलीची चूक पुसता येते, चाकूची पुसता येत नाही. म्हणून नवशिक्याच्या हाती चाकू लवकर देत नसत.

या कामाची एवढी आवश्यकता का पडावी, याचेही कारण रसायनातच होते. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना तांबडा रंग दिसत नसे. माणसाच्या त्वचेतील तांबूस छटा, पुटकुळ्या, उन्हाने रापलेले गाल हे सर्व छापात काळपट उमटे, आणि निरोगी मनुष्यही छायाचित्रात देवी आल्यासारखा दिसे. टचिंगवाला ही रसायनाची उणीव भरून काढी. पुढे तांबड्यासह सर्व रंग जाणणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्वत्र झाली, तेव्हा त्याच्या कामाचा एक मोठा हिस्सा कोणी हुकूम न काढताच संपुष्टात आला. त्यानंतर ३५ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा आला, ज्याच्या नखाएवढ्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवणे मनुष्यशक्तीबाहेरचे होते. तेव्हा हा कारागीर निगेटिव्ह सोडून छापील प्रतीकडे वळला आणि बारीक कुंचल्याने पांढरे ठिपके भरू लागला, काळ्यापांढऱ्या तसबिरींवर पारदर्शक रंग चढवू लागला. रंगीत छायाचित्रे आल्यावर तेही काम आटले. म्हणजे आवडते साधन हातातून काढून घेतले जाणे हा अनुभव या व्यवसायाला संगणकाने प्रथम दिलेला नाही. एका कारागिराच्या हयातीत तो दोन-तीन वेळा येऊन जाई.

स्टुडिओंच्या बरोबरीने बंगळुरात हौशी छायाचित्रकारांचीही एक थोर परंपरा होती. भारतातील छायाचित्रण-संस्थांचा महासंघ डॉ. जी. थॉमस यांच्या पुढाकाराने १९५३ साली याच शहरातून उभा राहिला, आणि टी. एन. ए. पेरुमाळ यांच्यासारखे वन्यजीवनाचे जगन्मान्य छायाचित्रकार येथेच घडले. या मंडळींची खरी कसोटी डार्करूममध्ये लागे. एनलार्जरच्या प्रकाशात तारेच्या टोकाला लावलेली गोल चकती हलवून एखादा भाग उजळ राखायचा, मुठीच्या फटीतून प्रकाश सोडून दुसरा भाग गडद करायचा. हे सर्व काही सेकंदांत, डोळ्यांच्या अंदाजाने. आज फोटोशॉपच्या पट्टीवर जी दोन चिन्हे दिसतात, एक काडीवरची चकती आणि दुसरे अर्धवट मिटलेली मूठ, ती या अंधाऱ्या खोलीतूनच तेथे गेलेली आहेत.

डार्करूमच्या त्या युगाची आणखी एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. कोडॅक कंपनीने १९२७ साली डी-७६ या नावाचे जे विकासक द्रावण प्रचारात आणले, त्याची कृती उघड होती: मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, आणि पाणी घालून एकूण एक लिटर. ही ओळ ज्याच्या वहीत आहे, त्याला कोडॅकच्या डब्याची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. रसायने विकणाऱ्या दुकानातून चार पुड्या आणाव्यात आणि तराजू काढावा. याच कंपनीची १९३५ साली निघालेली कोडाक्रोम ही रंगीत फिल्म मात्र निराळ्या जातीची. तिच्यात रंग मुळी नसतच. ते धुण्याच्या वेळी अत्यंत किचकट प्रक्रियेने आत भरावे लागत, आणि ती प्रक्रिया घरगुती डार्करूमच्या आवाक्याबाहेरची होती. २००९ साली कंपनीने ही फिल्म बंद केली, आणि अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावच्या एकमेव उरलेल्या प्रयोगशाळेने २०१० च्या डिसेंबरअखेर नवी रिळे धुण्यास घेणे थांबवले, त्या दिवशी जगभर कपाटांत राहिलेल्या न धुतलेल्या कोडाक्रोमच्या रिळांतील रंग कायमचे अप्राप्य झाले. डी-७६ आजही कोणीही घरी करतो. दोन्ही एकाच घराची अपत्ये. भेद इतकाच, की एकाची कृती लोकांच्या हातात होती आणि दुसरीची नव्हती.

आपल्या देशात फिल्म बनवण्यासाठी सरकारने १९६० साली उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला होता. त्याचा ‘इंदू’ छापाचा माल दक्षिणेतील कित्येक स्टुडिओंचा आधार होता. तोही कालांतराने आजारी पडून बंद झाला. २००५ साली कोडॅकने काळ्यापांढऱ्या कागदाचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, त्याच वर्षी आग्फाफोटोचे दिवाळे निघाले. डार्करूमची दारे एकामागून एक अशी मिटत असता स्टुडिओतील मंडळी संगणकापुढे जाऊन बसली होती.

बंगळूरसाठी हे स्थित्यंतर केवळ गिऱ्हाइकाचे नव्हते; संगणकाचा उद्योगच या शहरात वाढत होता. शहराच्या दक्षिणेस इलेक्ट्रॉनिक सिटीची वसाहत १९७८ पासून आकार घेऊ लागली. पुण्यात १९८१ साली निघालेली इन्फोसिस १९८३ साली येथे आली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली येथे आपले केंद्र उघडले. थॉमस आणि जॉन नोल या बंधूंनी रचलेले फोटोशॉप १९९० साली अमेरिकेत विक्रीस आले, आणि त्या दशकात ते येथील स्टुडिओंत शिरले. पेन्सिल ठेवून माउस हाती घेणाऱ्या जुन्या कारागिरांपैकी ज्यांना छायाप्रकाशाची खरी जाण होती, ते नव्या साधनावरही लवकर रुळले, असे या धंद्यातील जाणते लोक सांगतात. आणि मला ते पटते, कारण गालावर सावली कोठे संपते हे ज्ञान पेन्सिलीत नसून डोळ्यांत असते.

तथापि फोटोशॉप हे व्यावसायिकाचे साधन होते. सामान्य कुटुंबाच्या घरात ज्याने ठाण मांडले, तो पिकासा. गूगलने २००४ साली, म्हणजे ज्या वर्षी तिने बंगळुरात आपले कार्यालय थाटले त्याच वर्षी, हा प्रोग्रॅम विकत घेतला आणि फुकट वाटला. लग्नमुंजींची, सहलींची, परदेशी गेलेल्या मुलांनी पाठवलेली हजारो छायाचित्रे त्याने आपणहून हुडकून तारीखवार लावून दिली; एका कळीने उजेड वाढवला, वाकडे चित्र सरळ केले, चेहरे ओळखून त्यांना नावे चिकटवली. जयनगर-मल्लेश्वरमातील कितीतरी निवृत्त गृहस्थांनी आपल्या घराण्याचे दफ्तर त्यावर रचले असेल. १२ फेब्रुवारी २०१६ रोजी गूगलने पिकासा बंद करीत असल्याचे जाहीर केले आणि १५ मार्चपासून त्याचा पाठिंबा काढून घेतला. त्याआधी जून २०१४ मध्ये अ‍ॅपल कंपनीने २००५ साली काढलेल्या अ‍ॅपर्चर या व्यावसायिकांच्या आवडत्या प्रोग्रॅमविषयी असाच निर्णय सांगितला होता. २०१९ साली आलेल्या कॅटालिना या प्रणालीवर तर तो चालेनासाच झाला.

या प्रोग्रॅमांत एक अतिशय स्तुत्य तत्त्व पाळलेले होते: मूळ चित्राला ते धक्का लावीत नसत. आपण केलेला फेरफार ते सूचनांच्या रूपाने निराळा लिहून ठेवीत, आणि पडद्यावर चित्र दाखवताना त्या सूचना मुळावर लागू करीत. टचिंगवाल्याचा चाकू परत फिरत नसे, येथे मात्र वाटेल तेव्हा मागे जाण्याची सोय झाली. पण या सद्गुणातच हानीचे बीज होते. सूचना वाचणारा दुभाषी एकच, आणि तो मालकाच्या मर्जीचा ताबेदार. दुभाष्याला रजा मिळाली की मूळ चित्र शाबूत राहते, सूचनाही तबकडीवर राहतात, परंतु दोहोंचा संयोग करणारा कोणी राहत नाही. अ‍ॅपर्चरमध्ये वर्षानुवर्षे एकेका चित्रावर घडवलेला संस्कार दुसऱ्या प्रोग्रॅमात जसाच्या तसा नेता येईना, याचे कारण हेच. जे जाते ते चित्र नव्हे, चित्रावरचा हात जातो. ट्राइपच्या ढगांना जे भाग्य लाभले, ते या कामाला लाभले नाही, आणि ज्याने आपल्या आयुष्याची दहा वर्षे अशा कामात घातली त्याचे दुःख क्षुल्लक समजणे मला अन्यायाचे वाटते.

उपाय काय, याचे उत्तरही इतिहासातच सापडते. आल्डस नावाच्या कंपनीने १९८६ साली टिफ हा चित्रे साठवण्याचा आराखडा तयार करून त्याचे संपूर्ण वर्णन प्रसिद्ध केले. १९९४ साली ती कंपनी अडोबीत विलीन झाली, तिने विकलेला फोटोस्टायलर हा चित्रसंस्काराचा प्रोग्रॅम लोपला, त्यात प्रावीण्य मिळवलेले लोक निराधार झाले. पण टिफ आजही जगातील प्रत्येक ग्रंथालय आणि छापखाना वाचू शकतो. डी-७६ च्या वहीतील ओळीसारखी त्याची कृती उघडी होती, म्हणून मालक गेल्यावरही तो राहिला. १९९६ साली निघालेल्या गिंपसारख्या प्रोग्रॅमांची तर सारी घडणच कोणालाही वाचता येते. मूळ रचणारे दूर झाले तरी दुसऱ्यांनी ते काम पुढे चालवले.

व्यवहारात शहाणे लोक पुढीलप्रमाणे वागताना दिसतात. प्रोग्रॅम बंद होणार अशी वर्दी मिळताच ते नवा शोधण्याची घाई करीत नाहीत. जुना चालतो आहे तोवर प्रत्येक महत्त्वाच्या चित्राची संस्कार केलेली प्रत टिफमध्ये काढून घेतात आणि मूळ चित्र तिच्याशेजारी निराळे ठेवतात. चेहऱ्यांची नावे, प्रसंग आणि तारखा चित्राच्या फाइलीतच लिहून टाकतात. जुना संगणक इंटरनेटपासून तोडून तेवढ्याच कामासाठी राखतात, आणि त्याचा एखादा सुटा भाग बिघडला तर सदर पत्रप्पा रस्त्यावरील दुकाने धुंडाळतात. काही व्यावसायिक तर आपला संस्कार वहीत शब्दांनी उतरवतात: उजेड किती, छाया किती, कोणता रंग किती मागे घेतला. असे टिपण कोणत्याही नव्या साधनावर पुन्हा अमलात आणता येते. २०१३ च्या मे महिन्यात अडोबीने आपले प्रोग्रॅम यापुढे केवळ वर्गणीने मिळतील असे जाहीर केल्यावर अनेकांनी २०१२ ची शेवटची विकत मिळालेली आवृत्ती याच रीतीने सांभाळली.

कस्तुरबा रस्त्यावर २०२३ साली छायाचित्रे व कला यांचे मोठे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले आहे, आणि मिथिक सोसायटी ही १९०९ सालची जुनी संस्था शहरातील शिलालेख त्रिमिती यंत्राने उतरवून घेत आहे. ट्राइपने तंजावरात केलेल्या कामाचा हा नवा अवतारच होय. ही दोन्ही कामे माझ्या मते अत्यंत मोलाची आहेत. माझी मागणी एवढीच, की या शहरात छायाचित्रांचे जतन होत असताना त्यांवर चाललेल्या हातांच्या साधनांचेही व्हावे: टचिंगचे उतरते मेज, वार्निशाची बाटली, झिजलेला चाकू, कारागिरांच्या वह्या, आणि त्यांच्याच रांगेत पिकासा व अ‍ॅपर्चर ज्यांवर अद्याप चालतात असे दोन संगणक, चालू स्थितीत, ज्यांना आपले जुने काम पुन्हा उघडून टिफमध्ये उतरवून घ्यायचे आहे अशा कोणाही नागरिकास वापरण्यास मोकळे.